केर कोण टाकतो? : भिंतीतली नळी आणि मालवणचे घर

१

घर झाडणे या एका कामाला मराठीत तीन क्रियापदे आहेत : केर काढणे, केर भरणे आणि केर टाकणे. बोलण्याच्या ओघात आपण ही तिन्ही एकत्र करतो. ‘केरवारे झाले’ म्हटले की सगळे आले. परंतु या तिन्ही कामांची प्रतिष्ठा सारखी नाही, आणि पुष्कळ घरांत ती एकाच हाताने होतही नसत. केर काढणाऱ्याच्या हाती केरसुणी असते. भरणाऱ्याला सुपली किंवा केरभरणी घेऊन खाली वाकावे लागते. टाकणाऱ्याला तर उंबरठा ओलांडून परड्याच्या टोकापर्यंत जावे लागते. ही उतरंड जनाबाईच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगाने अचूक हेरली आहे. तिथे जनी झाडते, आणि विठ्ठल येऊन केर भरतो. एवढ्यावर न थांबता तो पाटीही स्वतःच दूर नेऊन रिकामी करतो. देवाने पत्करलेली ही कामे हलकी आहेत, हे अभंगच सांगतो. देवाच्या वाट्याला दुसरे आणि तिसरे काम आले आहे, पहिले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी अगदी क्षुल्लक आहे. घरातली धूळ शोषून घेणारी एक मध्यवर्ती यंत्रणा असते. तिची मोटर आणि केराचे पिंप गॅरेजमध्ये, कोठीत किंवा घराबाहेरच्या खोपीत बसवतात. तिथून भिंतींच्या आतून नळ फिरवतात आणि खोलीखोलीत त्यांची तोंडे काढून ठेवतात. या यंत्रणेच्या एका नव्या प्रकारात लवचीक नळीसुद्धा भिंतीतल्या नळातच राहते. हवी तेवढी बाहेर ओढायची, काम झाले की तिचे टोक तळव्याने झाकायचे. मग यंत्राच्या ओढीनेच ती सरसर आत जाते आणि वरून झाकण बसते. उत्तर अमेरिकेतल्या, विशेषतः कॅनडातल्या घरांत अशा मध्यवर्ती यंत्रणा चांगल्या रुळल्या आहेत. तिथे काही वर्षे काढून मालवण-देवगडकडे घर बांधायला परतणाऱ्या कुटुंबाच्या मनात ‘इथेही ती बसवावी का’ हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे.

हा प्रश्न सहसा यंत्राच्या शक्तीचा आणि किमतीचा म्हणून विचारला जातो. माझ्या मते तो आधी इतिहासाचा आहे. केर काढण्याच्या साधनांचा इतिहास पाहिला तर प्रत्येक नव्या साधनाने पहिले काम सोपे केले, दुसरे पोटात घेतले आणि तिसरे नजरेआड केले, असे दिसते. भिंतीत शिरणारी नळी ही या प्रवासातली आजवरची सर्वांत पुढची पायरी आहे. म्हणून ती निवडताना तिसऱ्या कामाचे काय झाले, हे विचारणे अगत्याचे ठरते.

२

प्रथम आपण ज्या घराविषयी बोलतो आहोत, ते घर पाहू. दक्षिण कोकणातले जुने घर जांभ्याच्या चिऱ्यांचे किंवा मातीच्या भिंतींचे असते. पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परडे, अशी त्याची साधारण रचना. वर उतरते छप्पर. १८६५ साली बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत ‘मंगलोरी’ कौले किनाऱ्यावरच्या गावांत पोहोचली. त्याआधी नळीची कौले किंवा गवताचे शाकार असत. भिंत आणि छप्पर यांच्या मधून वारा खेळतो, चुलीचा धूर निघून जातो. त्याच वाटेने पाचोळा, कोळिष्टके आणि धूळही आत येते. अशा घरात ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांच्यामध्ये काटेकोर रेषा नसते.

जमीन मातीची. ती धुमसाने ठोकून, चोपून घट्ट करायची आणि वरून शेणाने सारवायची. पावसाळा सरला की खळे नव्याने घालायचे, कारण भात त्यावरच यायचे. म्हणजे इथे जमीन ही कायमची वस्तू नाही. ती झिजते आणि पुन्हा केली जाते. सारवलेल्या जमिनीवरची धूळ ही काही अंशी त्या जमिनीचीच धूळ असते. शोषण्याचे यंत्र अशा जमिनीवर फिरवले तर केराबरोबर जमीनही थोडीथोडी पिंपात जाऊन पडेल. सारवण आणि झाडणे ही इथे एकमेकांना पूरक कामे होती. एकाने झिजायचे, दुसऱ्याने भरून काढायचे.

साधनही परसातलेच. नारळाच्या झावळीची पाती सुरीने तासून मधला हीर काढायचा आणि हिरांची मोळी बांधायची. अंगणासाठी लांब आणि ताठ हिरांचा खराटा, घरासाठी मऊ केरसुणी. कोकणात केरसुणीला ‘वाढवण’ असाही शब्द आहे. जे घरातून काहीतरी बाहेर काढते त्याला वाढीचे नाव द्यावे, यात अशुभ टाळण्याची जुनी रीत दिसते. दिवा मालवताना आपण ‘दिवा वाढवला’ म्हणतो किंवा बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणतो, त्याच जातीचा हा शब्द.

केरसुणीभोवतीचे संकेत सर्वांना ठाऊक आहेत. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे. तिला पाय लागला तर नमस्कार करायचा. ती उभी ठेवायची नाही आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी तर नाहीच. तिन्हीसांजेनंतर केर घराबाहेर टाकायचा नाही. आश्विन अमावास्येच्या उत्तररात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याचा विधी निर्णयसिंधूसारख्या धर्मशास्त्रीय निबंधग्रंथांतही सांगितला आहे. शीतलादेवीच्या ध्यानात तर तिच्या हातीच झाडणी आहे. साधनाविषयीची ही वृत्ती दुहेरी आहे. ते वंद्य आहे, आणि लपवण्याजोगेही आहे. भिंतीत दडणाऱ्या नळीची कल्पना सुचण्याच्या कितीतरी आधी केरसुणी दाराआड गेलेली होती. फरक एवढाच, की वर्षातून एकदा तिला पाटावर आणून बसवले जाई.

आणि केर जाई कुठे? परड्यातल्या उकिरड्यावर. पातेरा, चुलीतली राख, गोठ्यातले शेण आणि घरातला केर एकत्र कुजून पावसापूर्वी शेतात जात असे. तिसऱ्या कामाचे ठिकाण घरातून दिसत होते. घरातल्या बायांना त्याची वाट रोजची होती. एक मात्र सांगायला हवे. या चक्राला सुंदर म्हणणे आज सोपे आहे. ज्यांची कंबर त्या चक्रात वर्षानुवर्षे वाकली, त्यांनी ते सुंदर म्हटले असते की नाही, हा प्रश्न वेगळा.

३

आता किनारा सोडून लंडनकडे वळू, कारण शोषण्याची कल्पना तिथल्या घरातल्या एका वस्तूमुळे निर्माण झाली. ती वस्तू म्हणजे गालिचा. सारवलेली जमीन, कोबा किंवा फरशी यांवरची धूळ वर पडून राहते. केरसुणी तिला पुढे लोटते. गालिच्यात आणि मखमली खुर्चीत धूळ आत शिरते, आणि झाडले की उडून पुन्हा तिथेच बसते. म्हणून वर्षातून एकदोनदा गालिचे बाहेर नेऊन बडवावे लागत.

ह्यूबर्ट सेसिल बूथ या ब्रिटिश अभियंत्याने १९०१ साली धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले आणि उलट विचार केला : हवा फुंकण्याऐवजी ओढली तर? त्याने स्वतःच पुढे सांगितल्याप्रमाणे, एका उपाहारगृहातल्या खुर्चीच्या पाठीला तोंड लावून त्याने हवा ओढून पाहिली. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतले. त्याचे यंत्र घोडागाडीवरून येई, रस्त्यावर उभे राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने स्वच्छ केले गेले. श्रीमंत घरांत हे काम चालू असताना पाहुण्यांना चहाला बोलावत. धूळ धावताना दिसावी म्हणून नळीत पारदर्शक भाग बसवलेले असत. यंत्राच्या पहिल्या दिवसांत केर हा प्रेक्षणीय होता, हे ध्यानात ठेवू.

त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड केनी नावाच्या नळकारागिराने यंत्र इमारतीतच बसवण्याची कल्पना अमलात आणली. १९०२ साली पिट्सबर्गच्या फ्रिक इमारतीत त्याची यंत्रणा बसली. यंत्राचे वजन जवळजवळ दोन टन, आणि त्यापासून निघालेले नळ इमारतभर. आज ‘अत्याधुनिक’ म्हणून ज्याची जाहिरात होते ती मध्यवर्ती यंत्रणा म्हणजे या शोषणयंत्राचे जवळजवळ मूळ रूप आहे. हातात धरून फिरवण्याचे विजेचे यंत्र त्यानंतरचे. ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँगलरला दम्याचा विकार होता. त्याने १९०७ साली पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र केले, १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि पुढे ते हक्क हूवर कुटुंबाकडे गेले. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हे यंत्र ज्याने केले तो स्वतः केर काढणारा होता. धूळ त्याच्या छातीत जात होती.

यंत्राला बाजार मिळण्यामागे आणखी एक कारण होते. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला आणि वाळलेल्या थुंकीच्या धुळीतून रोग पसरतो ही धास्ती घरोघर पोहोचली. तोवर नुसती अस्वच्छ असलेली धूळ आता घातक ठरली. मुंबईने ही धास्ती १८९६ च्या प्लेगात वेगळ्या रूपात पाहिली. सरकारी माणसे घरांत शिरून चुना फासत, पाण्याचे फवारे सोडत, उजेड यावा म्हणून छपरावरची कौले काढत. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातूनही, गिरण्यांत आलेले असंख्य लोक त्या वेळी गावाकडे परतले. घरातला केर हा सरकारचाही विषय असू शकतो, हा धडा त्यांनी सोबत नेला असणार.

यंत्रामुळे श्रम वाचले का? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ सालच्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात याचे उत्तर तपशिलाने दिले आहे. घरगुती यंत्रांनी गृहिणीचे तास फारसे कमी केले नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पूर्वी गालिचा उचलून बाहेर नेण्याला पुरुष, मुले, नोकर असे अनेक हात लागत. यंत्र आल्यावर ते काम एकट्या बाईला जमू लागले, म्हणून ते एकट्या बाईचे झाले. वर्षातून दोनदा होणारे काम आठवड्यावर आले, कारण स्वच्छतेची अपेक्षा वाढली. यंत्राने श्रम हलके केले, आणि ते वाटून घेणारे हात घालवले.

४

भारतात ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने घडली. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात केरवारे करायला बहुधा कोकणातलाच माणूस असे. ‘रामा’ हे कोकणातून आलेल्या घरगड्याचे जातिवाचक झालेले नाव मुंबईच्या बोलीत आणि मराठी विनोदी साहित्यात कितीतरी वर्षे वावरले. ज्या माणसाला स्वतःच्या गावी खळे आणि परडे होते, तो शहरात दुसऱ्याच्या फरशीवर ओणवा झाला. त्याचे खरे नाव विचारण्याची गरज घरातल्यांना वाटली नाही, हे त्या शब्दातच नोंदलेले आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या जुन्या नाटकांतले आणि कथांतले असे गडी एकदा या दृष्टीने पुन्हा वाचावेत. बहुतेक वेळा ते हशा मिळवतात, निरोप आणतात आणि निघून जातात.

१९८२ साली फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली आणि व्हॅक्यूम क्लीनर दारोदार जाऊन विकला जाऊ लागला. टाय लावलेला तरुण बैठकीच्या खोलीत यंत्र जोडून दाखवी, आणि स्वच्छ समजल्या जाणाऱ्या गादीतून वा सोफ्यातून निघालेली धूळ गृहिणीपुढे ठेवी. बूथच्या पारदर्शक नळीचा हा मुंबई-पुण्यातला अवतार होय. विक्रीसाठी केर दाखवावा लागतो. वापर सुरू झाला, की तो दिसू नये यासाठी सारी रचना असते.

परंतु ज्या पाश्चात्त्य घरांत नोकर मिळेनासा झाला होता तिथे या यंत्राने त्याची जागा घेतली. आपल्याकडे केर काढणारी बाई कामावर राहिली आणि यंत्र कपाटावर गेले. याला आपली फरशी जितकी कारण, तितकेच कामवाल्या बाईच्या श्रमाचे स्वस्त मोल कारण आहे. यंत्र कुठे रुजले नाही, तर तिथे माणूस स्वस्त होता का, हे आधी तपासावे लागते.

५

आता निवडीकडे येऊ. भिंतीत नळी लपवण्यासाठी भिंत पोकळ असावी लागते. उत्तर अमेरिकेतली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची. दोन फळ्यांमध्ये जागा असते आणि तिथून नळ सहज जातात. चिऱ्याची भिंत भरीव असते. तिच्यात नळासाठी खाच पाडणे म्हणजे तिचे बळ कमी करणे. म्हणून जुन्या घरात ही यंत्रणा, आणि त्यातही आत सरकणारी नळी, बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घराचा गुण वारा खेळण्यात आहे, त्याला बंदिस्त घराचे साधन लावून दोन्हींचे नुकसान होते.

नव्या घराचे तसे नाही. नकाशा कागदावर असतानाच नळांचे मार्ग ठरवले तर ते जमिनीखालून किंवा माळ्यावरून नेता येतात. मात्र काही गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. साध्या मध्यवर्ती यंत्रणेत नऊदहा मीटर लांबीची जड नळी खांद्यावर घेऊन एका तोंडापासून दुसऱ्या तोंडाकडे न्यावी लागते, आणि तिला ठेवायला जागा लागते. आत सरकणारी नळी हा त्रास वाचवते, पण तिला तिच्या लांबीइतका नळ स्वतःचा असा लागतो. बारा मीटरची नळी हवी, तर तेवढी वाट भिंतीत वा माळ्यावर मोकळी हवी. त्या वाटेवरची वळणे ऐसपैस असावी लागतात. पाण्याच्या नळाला बसवतात तसे काटकोनी एल्बो लावले की नळी अडकते. नळही नेहमीच्या पाणपुरवठ्याच्या मापाचे चालत नाहीत. बाहेरून दोन इंच व्यासाचे, पातळ कडेचे खास नळ असतात. गावातला प्लंबर कुशल असला तरी त्याला हे आधी समजावून सांगावे लागेल, आणि सुटे भाग कुठून येणार याचे उत्तर खरेदीपूर्वीच मिळवावे लागेल. नळीची लांबी ठरवताना भिंतीतल्या तोंडापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे सरळ अंतर मोजून भागत नाही. दारातून वळून, पलंगाला वळसा घालून दोरी प्रत्यक्ष टाकून पाहावी.

मग हवामान. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. त्या काळात घरातला केर ओला असतो : पावलांबरोबर आलेला चिखल, भिजलेली वाळू, दमट कापडाचे तंतू. ही यंत्रे कोरड्या केरासाठी असतात. ओला केर नळीत चिकटतो, आणि बंद नळात गेलेल्या ओलसर नळीला बुरशीचा वास येतो. खारी हवा मोटरीला गंज चढवते. तेव्हा पिंप आणि मोटर समुद्राकडच्या बाजूला उघड्यावर ठेवू नयेत. जांभ्याची तांबडी धूळ अत्यंत बारीक असते आणि गाळणी लवकर भरते. विजेचेही आहेच. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळानंतर जिल्ह्यातल्या अनेक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. खळ्यातला पातेरा तर कोणतीच नळी उचलणार नाही. म्हणजे खराटा राहणारच.

एवढे असूनही या यंत्रणेचा एक गुण निर्विवाद आहे. सुटे यंत्र खोलीतली हवा ओढते आणि गाळून खोलीतच सोडते. मध्यवर्ती यंत्रणेची हवा घराबाहेर सोडता येते, त्यामुळे बारीक धूळ आत परतत नाही आणि आवाजही दूर राहतो. घरात दम्याचे माणूस असेल तर या गुणाचे मोल मोठे आहे. स्पँगलरच्या छातीपासून सुरू झालेली गोष्ट इथे पूर्ण होते असे म्हणता येईल. पण ती हवा कोणाच्या बाजूला सोडायची? शेजाऱ्याच्या पडवीकडे, विहिरीकडे की तुळशीकडे? ‘बाहेर’ म्हणजे मोकळी जागा, हे फक्त घरात बसलेल्याचे मत असते.

६

इथे आपण तिसऱ्या कामाशी येऊन पोहोचतो. केर आणि धूळ यांचा आपल्या समाजातला अर्थ आरोग्यापुरता कधीच नव्हता. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला आपल्या पावलांची धूळ पुसली जावी म्हणून कमरेला झाडू बांधून चालावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले आहे. ज्याच्यावर घाण उचलण्याचे काम लादले, त्यालाच घाण ठरवले. केर टाकण्याचे काम नजरेआड करण्याची आपली रीत यंत्राहून फार जुनी आहे. तिला आपण जात म्हणतो.

ही रीत उलटी करून पाहणारा एक माणूस याच भूमीत होऊन गेला. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) हे ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेले. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला उचलण्याचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देणे नियमात बसेना. त्यांनी अन्नावर निर्बंध घातले, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या समर्थनार्थ उपवास आरंभला. १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम स्थापन केला. तिथे मैल्याचे खत करणारा साधा, स्वस्त संडास त्यांनी घडवला, तो ‘गोपुरी संडास’ म्हणून ओळखला जातो. मेलेल्या जनावराचे कातडे कमावण्याचे कामही त्यांनी तिथे हाती घेतले. त्यांच्या विचाराचा गाभा आपल्या तीन क्रियापदांत मांडता येतो : जो केर करतो त्यानेच तो टाकावा, आणि टाकण्याचे काम असे करावे की माणसाला त्याची किळस येऊ नये. साधन बदलले पाहिजे हे त्यांना मान्य होते, म्हणून तर त्यांनी संडासाचे तंत्र घडवले. काम लपवणे मात्र त्यांना मान्य नव्हते.

गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) हातातल्या खराट्याविषयी महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २००० सालानंतर त्यांच्या नावाने सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात हजारो गावे उतरली. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सिंधुदुर्ग हा सपाट प्रदेशातला सर्वांत स्वच्छ जिल्हा ठरला. त्याच सुमारास वेंगुर्ले नगरपालिकेने घरोघरी कचरा वेगळा करायला लावून कचराभूमीचे रूप इतके पालटले, की लोक ती पाहायला येऊ लागले. वेंगुर्ल्यात तिसरे काम पुन्हा उजेडात आले, आणि तिथे जाऊन कोणाला लाज वाटली नाही. बूथने चहाच्या पाहुण्यांना केर निघताना दाखवला होता. वेंगुर्ल्याने तो पोहोचतो कुठे हे दाखवले. दोन्ही प्रात्यक्षिके आहेत, पण दुसऱ्याला अधिक धैर्य लागते.

या पार्श्वभूमीवर भिंतीतल्या नळीकडे पाहिले की निवडीचा निकष सापडतो. ही यंत्रणा पहिले काम सोपे करते, दुसरे नाहीसे करते आणि तिसरे लांबणीवर टाकते. पिंप रोज भरत नाही. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी भरते. पण ते भरतेच. तेव्हा कोणीतरी खोपीत जाऊन साठलेली बारीक धूळ नाकातोंडाशी घेत ते उपसणार, गाळणी झाडणार. ते काम घरातला माणूस करणार असेल आणि पिंप सावलीत, हात पोहोचेल अशा उंचीवर, शक्यतो परड्याजवळ बसवले असेल, तर यंत्रणा जरूर घ्यावी. आजच्या घरातल्या केरात प्लास्टिकचे तंतू असतात, म्हणून पिंपातले सारेच माडाच्या आळ्यात ओतता येणार नाही, हेही त्या माणसाला रिकामे करतानाच कळेल. उलट, पिंप अशा कोपऱ्यात ढकलले असेल की तिथे फक्त कामावर येणाऱ्या बाईनेच जावे, तर भिंतीत लपली ती नळी नसून जुनी उतरंडच आहे.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून मालवण-तारकर्लीच्या घरांत पाहुण्यांच्या पावलांबरोबर वाळू येते आणि ती रोज काढावी लागते. न्याहारीच्या निवासांत हे काम बहुधा बायका करतात; त्यांच्या कंबरेचा विचार करून एखाद्या घरमालकाने नळी बसवली तर त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. वाकून केरसुणी फिरवण्यात काही पुण्य आहे असे मानणारे सहसा स्वतः वाकत नाहीत. फक्त खरेदीपूर्वी विक्रेत्याला शक्ती, लांबी आणि हमी विचारून झाल्यावर एक प्रश्न घरातल्या माणसांनी एकमेकांना विचारावा : पिंप भरले की ते कोण रिकामे करणार? उत्तरादाखल एखादे नाव आले तर नळांचे मार्ग आखायला घ्यावेत. सगळे गप्प राहिले तर तूर्त हिरांची मोळी बांधावी, आणि ती आळीपाळीने हाती घ्यावी.